गाण्याचा संप आणि गाण्याची टाळेबंदी

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा राहिला की तो बोनस, महागाई आणि कामगार कायदे यांवरच बोलणार, असा संकेत ठरून गेला आहे. यंदा आम्ही तो संकेत मोडणार आहोत. आमचा विषय आहे जपानमधील एका रॉक बँडची गाणी. विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु गाणे हीही श्रमाची निर्मिती आहे. ते बाजारात जाते, त्यावर कोणी नफा मिळवतो, त्यावर कोणाचे पोट चालते, आणि पुष्कळदा ते बंदही पडते. कारखाना बंद पडला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की बंद कोणी केला? कामगारांनी हात थांबवले असतील तर तो संप. मालकाने फाटकाला कुलूप घातले असेल तर ती टाळेबंदी. रस्त्याने जाणाऱ्याला दोन्ही वेळी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे बंद फाटक. पण आत राबणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर असते. गाणे गप्प झाले असतानाही हाच प्रश्न विचारला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते समजावून सांगायला ‘सदर्न ऑल स्टार्स’ या मंडळींची हकीकत फार उपयोगी पडते.

प्रथम ही मंडळी कोण ते सांगतो. टोकियोतील आओयामा गाकुइन विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात काही विद्यार्थी एकत्र येऊन वाजवू-गाऊ लागले. त्यांचा म्होरक्या केइसुके कुवाता. त्याचा जन्म १९५६ सालचा, गाव चिगासाकी. बहुतेक सर्व गाण्यांचे शब्द त्याचे, चाली त्याच्या आणि आवाजही त्याचाच. कीबोर्ड वाजवणारी युको हारा ही पुढे १९८२ साली त्याची पत्नी झाली. २५ जून १९७८ रोजी त्यांचे पहिले गाणे बाजारात आले. मध्यंतरी २००८ ते २०१३ अशी पाच वर्षे त्यांनी एकत्र काम थांबवले होते, सहांपैकी एक गडी २००१ साली बाहेर पडला. तरी मार्च २०२५ मध्ये त्यांचा नवा गीतसंग्रह निघालाच. एका पिढीने तारुण्यात ऐकले आणि तिच्या नातवंडांनीही ऐकावे, एवढी ही मुदत आहे.

ते लोकप्रिय का झाले, हे समजण्यासाठी थोडे भाषेत शिरले पाहिजे. जपानी मुळाक्षरांचा क्रम मराठी माणसाला परका नाही. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा तो चालतो. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतच्या उच्चारशास्त्राचे ज्ञान जपानात गेले, त्याच्या आधारे ही मांडणी झाली. या भाषेत बहुतेक अक्षर व्यंजन आणि स्वर मिळून होते, आणि प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ मिळतो. आपल्या ओवी-अभंगांत लघु-गुरू न पाहता अक्षरे मोजतात, त्याची येथे आठवण करावी. रॉक संगीत मात्र जन्मले इंग्रजीत. तेथे शब्दातल्या एका भागावर आघात पडतो, बाकीचे भाग गिळले जातात. मग सारख्या वेळाच्या अक्षरांची भाषा त्या आघाताच्या ठेक्यावर बसवायची कशी?

हा प्रश्न जपानात एवढा पेटला की १९७० च्या सुमारास त्यावर मोठा वाद झाला. युया उचिदा यांच्यासारखे लोक म्हणत की रॉक गावे तर इंग्रजीतच. ‘हॅपी एंड’ नावाच्या मंडळींनी १९७१ साली ‘काझेमाची रोमान’ हा संग्रह काढून रॉक जपानीतही गाता येतो हे दाखवून दिले. कुवाता हा या वादानंतरचा गायक. त्याने तिसरीच वाट काढली. चाल सुचताना तो आधी इंग्रजीसारखे वाटणारे अर्थहीन बोल गुणगुणायचा आणि नंतर त्या जागी जपानी शब्द बसवायचा. एका सुरावर एक अक्षर हा नेम मोडून तो दोन-दोन, तीन-तीन अक्षरे एका सुरात कोंबी, मध्येच इंग्रजी शब्दाचा तुकडा टाकी. परिणाम असा झाला की जपानी माणसालाही शब्द छापील कागदावर पाहिल्याखेरीज नीट कळेनात, पण पाय मात्र ठेका धरू लागले.

पहिल्या गाण्याचे नावच पाहा. ‘कात्ते नि शिंदोबाद्दो’, म्हणजे ‘मनमानी सिंदबाद’ म्हणा. या नावाला सरळ अर्थ नाही. १९७७ साली गाजलेल्या दोन गाण्यांची नावे, एक केन्जी सावादाचे आणि दुसरे ‘पिंक लेडी’ या दोन मुलींच्या जोडीचे, अर्धी-अर्धी कापून एकत्र जोडलेली आहेत. बाजारात खपलेल्या दोन मालांच्या चिंध्या घेऊन शिवलेली ही गोधडी होती. आखूड चड्ड्या घालून दूरदर्शनवर धुडगूस घालणारी ही पोरे चार दिवसांची करमणूक आहेत, असे अनेकांना वाटले. तेव्हा १९७९ च्या मार्चमध्ये त्यांनी ‘इतोशी नो एरी’, म्हणजे ‘लाडकी एली’, हे संथ प्रेमगीत काढले आणि हसणारे गप्प झाले. दहा वर्षांनी, १९८९ साली, अमेरिकेचे थोर कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्स यांनी ते इंग्रजीत गायले. ज्या संगीताची नक्कल करीत कुवाता गायला शिकला, त्याच संगीताच्या एका वडिलधाऱ्याने त्याचे गाणे आपल्या गळ्यात घेतले. उसने नेलेले धान्य व्याजासह घरी परत आले म्हणा ना!

आता चिगासाकीकडे वळू. टोकियोच्या नैर्ऋत्येस सागामी उपसागराच्या काठी हे गाव आहे. समोरच्या समुद्रात टोपीच्या आकाराचा ‘एबोशी’ नावाचा खडक आहे, जवळच एनोशिमा बेट आहे. सदर्नच्या गाण्यांत ही नावे वारंवार येतात. उन्हाळा, समुद्र, फसलेले प्रेम आणि परतीचा रस्ता हे या गाण्यांचे नेहमीचे सामान. वर्षभर कचेरीत आणि कारखान्यात खपणाऱ्या माणसाला उन्हाळ्यातली थोडी रजा मिळते, त्या रजेची ही गाणी आहेत, असे आम्ही समजतो. १९९९ साली चिगासाकीच्या किनाऱ्याला ‘सदर्न बीच’ असे नाव मिळाले. २००० सालच्या ऑगस्टमध्ये या मंडळींनी गावात येऊन गावे म्हणून नागरिकांनी सह्यांची मोहीम चालवली आणि कार्यक्रम घडवून आणला. २०१४ पासून चिगासाकी स्थानकावर गाडी सुटताना त्यांच्याच १९९० च्या ‘किबो नो वादाची’, म्हणजे ‘आशेची चाकोरी’, या गाण्याची धून वाजू लागली. रोज सकाळी कामावर जाणारा माणूस ती ऐकत गाडीत चढतो. हक्काचा कागद कंपनीच्या कपाटात असेल, पण त्या फलाटावर ते गाणे कोणाचे, याचे उत्तर कागद देत नाही.

आमच्या द्वारसभांतला अनुभव असाच आहे. घोषणा कोणीतरी एक जण लिहितो. पण तिसऱ्या दिवशी पाळीवरून सुटलेल्या बाया तीत आपला एक शब्द घालतात, ठेका बदलतात, आणि मग ती घोषणा लिहिणाऱ्याची राहत नाही. लिहिणारा शहाणा असेल तर तो मागे उभा राहून त्यांच्याच शब्दांत ती म्हणू लागतो.

कुवाता हा असा शहाणा आहे की नाही, याची कसोटी पाहणारा प्रसंग पुढे आला. १९८४ साली त्याने आपल्या गीतांच्या शब्दांचे एक पुस्तक काढले होते. त्याच्या नावाचा भावार्थ असा, की ‘हे काय, नुसते गाण्याचे शब्दच तर आहेत!’ हे नाव विनयाचे आहे तसेच उर्मटपणाचेही आहे. शब्द चालीच्या सोयीसाठी येतात, त्यांना फार डोक्यावर घेऊ नका, असे त्याचे सांगणे. हे वाक्य लक्षात ठेवून पुढची हकीकत ऐकावी.

२६ जानेवारी २००० रोजी सदर्नचे ‘त्सुनामी’ हे गाणे आले. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. आपल्याकडे हा शब्द घरोघर पोचला तो २६ डिसेंबर २००४ च्या आकांतानंतर. त्या आधी, जपानातही, कवीला तो उपमेसाठी हाताशी घेता येत होता. गाण्यात खऱ्या लाटेचा संबंध नाही. प्रेम गमावलेल्या माणसाच्या मनात दुःख अनावर होऊन उसळते, एवढाच त्याचा आशय. हे गाणे एवढे चालले की त्याच्या २९ लाखांवर प्रती खपल्या. या मंडळींचे दुसरे कोणतेही गाणे एवढे खपले नाही. त्या वर्षीचा ‘जपान रेकॉर्ड’ पुरस्कारही त्यालाच मिळाला. अकरा वर्षे ते गायले आणि ऐकले जात राहिले.

मग ११ मार्च २०११ हा दिवस उजाडला. ईशान्य जपानच्या समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या लाटांनी किनारा धुऊन नेला. मेलेले आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक माणसे गेली. जो शब्द काल उपमा होता, तो आज घरातल्या माणसाच्या मृत्यूचे कारण झाला. रेडिओ केंद्रांनी हे गाणे लावणे थांबवले. सरकारचा हुकूम नव्हता, कायदा नव्हता. जपानी भाषेत ‘जिशुकु’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ स्वतःहून आवरते घेणे. त्या वसंतात साकुराच्या फुलांखालच्या मेजवान्या, जत्रा, आतषबाजी हे सर्व ठिकठिकाणी असेच आवरते घेण्यात आले.

येथे आमच्यातला कार्यकर्ता जागा होतो. ‘स्वतःहून’ हा शब्द आम्ही फार वेळा ऐकला आहे. जादा काम ‘स्वतःहून’, पगारकपात ‘स्वतःहून’, राजीनामा ‘स्वतःहून’! तेव्हा कोणी स्वतःहून गप्प झाला असे सांगितले, की आम्ही त्याच्या मागे कोण उभे आहे ते पाहतो. रेडिओ केंद्राने गाणे थांबवले ते दुःखिताची कणव म्हणून, की तक्रारीचे पत्र येईल या भीतीने? दोन्ही हेतू एकाच माणसाच्या मनात असू शकतात. म्हणून केवळ आवरते घेण्याला आम्ही मोठेपणा देत नाही.

कुवाताचे मात्र निराळे होते. गाणे त्याचे, खप त्याचा, कीर्ती त्याची. आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तो नुकताच पुन्हा गाऊ लागला होता. अशा वेळी आपले सर्वांत खपलेले गाणे त्याने स्वतः बाजूला ठेवले. ‘नुसते शब्दच तर आहेत’ असे एके काळी म्हणणाऱ्याने, शब्द नुसते नसतात हे आपल्या वागण्याने मान्य केले. हा आमच्या मते संप आहे. ज्याने वस्तू घडवली, त्यानेच ती काही काळ बाजारात पाठवायची नाही असे ठरवले, आणि त्याचा तोटा स्वतः सोसला.

टाळेबंदी कशी असते तेही पाहून घ्यावे, म्हणजे फरक उठून दिसेल. १९८८ साली जपानातल्याच ‘आर. सी. सक्सेशन’ या दुसऱ्या रॉक बँडने ‘कव्हर्स’ नावाचा संग्रह तयार केला. तिचा गायक कियोशिरो इमावानो. परदेशी गाण्यांच्या चालींवर त्याने नवे जपानी शब्द बसवले होते आणि त्यांत अणुवीजकेंद्रांवर टीका होती. ध्वनिमुद्रण कंपनी होती तोशिबा-ई.एम.आय., आणि तोशिबा हा उद्योगसमूह अणुभट्ट्या बांधणारा. कंपनीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की हा संग्रह फारच उत्तम झाल्यामुळे प्रसिद्ध करता येत नाही! मालाची स्तुती करून फाटकाला कुलूप घालण्याचा असा प्रकार आमच्याही पाहण्यात क्वचितच आला असेल. शेवटी १५ ऑगस्ट १९८८ रोजी दुसऱ्या कंपनीमार्फत तो बाहेर पडला आणि चांगला खपला. पुढे २०११ साली फुकुशिमाच्या अणुकेंद्राचा अपघात झाला तेव्हा लोकांना ही गाणी पुन्हा आठवली. इमावानो मात्र २००९ सालीच वारला होता.

संप आणि टाळेबंदी यांच्या मधलाही एक प्रकार असतो आणि तो सदर्नच्या वाट्याला आला. ऑगस्ट २०१३ मध्ये पाच वर्षांच्या खंडानंतर ही मंडळी परत आली ती ‘पीस तो हायराइतो’ हे गाणे घेऊन. पीस आणि हाय-लाइट ही जपानातल्या दोन सिगारेटींची नावे. पण ‘पीस’ म्हणजे शांतताही. शेजारी देशांत चाललेल्या भांडणाच्या बातम्या, आणि शाळेत इतिहास शिकवताना अलीकडच्या काळापर्यंत पोचण्याआधीच संपणारा तास, असा विषय त्यात हलक्या हाताने मांडलेला आहे. २०१४ च्या शेवटच्या रात्री सार्वजनिक प्रसारण संस्था एन.एच.के.च्या वर्षअखेरीच्या गायन कार्यक्रमात कुवाता ओठावर आखूड मिशी चिकटवून आला आणि हेच गाणे गायला. त्याआधी योकोहामाच्या कार्यक्रमात, सरकारकडून त्याच वर्षी मिळालेले सन्मानपदक त्याने थट्टेच्या सुरात श्रोत्यांना दाखवले होते. यावर काहूर उठले, त्याच्या व्यवस्थापन संस्थेच्या दारावर निदर्शने झाली. १५ जानेवारी २०१५ रोजी संस्थेने आणि त्याने माफीचे निवेदन काढले. कोणाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता, असे त्यात सांगितले.

ही माफी मनापासूनची की दबावाची, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पदकाची थट्टा कित्येकांना खटकली असेल, आणि तसे वाटण्याचा त्यांना अधिकार आहे. परंतु २०११ आणि २०१५ या दोन प्रसंगांत एक भेद स्पष्ट आहे. २०११ साली ज्यांच्यासाठी तो गप्प झाला, ती माणसे काही मागायच्या स्थितीतही नव्हती. ती छावणीत आपल्या माणसांची नावे शोधीत होती. २०१५ साली जे बोलले ते दारावर कर्णे घेऊन आलेले होते. दुःखितासाठी मौन पाळणे ही एक गोष्ट आणि मोठ्या आवाजापुढे मान लवविणे ही दुसरी. समाजाला पहिली जमली पाहिजे आणि दुसरीची सवय लागता कामा नये.

आता सर्वांत अवघड प्रश्न. संप पुकारणे सोपे, मिटवणे कठीण, हे आम्हांला तीस वर्षांत पुरते कळले आहे. गप्प झालेले गाणे पुन्हा केव्हा म्हणायचे? आणि ते कोणी ठरवायचे? ज्या घरातले माणूस गेले त्या घरात या शब्दाने जखम उघडी पडेल, हे खरे. पण त्याच घरात ते गाणे गेलेल्या माणसाचे आवडतेही असू शकेल. त्याला ते ऐकू न देणे ही दुसरी हानी. दूरच्या शहरात बसून या दोघांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला?

या प्रश्नापुढे कुवाताने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तो त्या माणसांकडे गेला. मियागी प्रांतातील रिफू येथे एक मोठे क्रीडागृह आहे. लाटेनंतर तेथे मृतदेह आणून ठेवले जात, आणि नातेवाईक ओळख पटवायला येत. त्याच जागी, बरोबर सहा महिन्यांनी, १० आणि ११ सप्टेंबर २०११ रोजी, त्याने कार्यक्रम केले. ज्या छपराखाली लोकांनी प्रेते पाहिली, त्या छपराखाली पुन्हा टाळ्या वाजवायला लोक येतील की नाही, ही साधी शंका नव्हती. लोक आले. ‘त्सुनामी’ सोडून गाण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ होते आणि ते त्याने गायले.

त्याच प्रांतात ओनागावा नावाचे मासेमारीचे गाव आहे. वस्ती सुमारे दहा हजार. त्यांतले आठशेहून अधिक लोक लाटेत गेले. एप्रिल २०११ मध्ये गावकऱ्यांनी तेथे एक लहानसे आपत्कालीन रेडिओ केंद्र सुरू केले. पाणी कोठे मिळेल, कोणता रस्ता खुला आहे, कोणाचे दुकान पुन्हा उघडले, असल्या बातम्या गावच्याच आवाजात देणारे हे केंद्र पाच वर्षे चालले आणि मार्च २०१६ च्या अखेरीस बंद झाले. त्या शेवटच्या दिवसांत, २६ मार्चला, कुवाता ओनागावात आला आणि थोड्याशा श्रोत्यांपुढे गायला. त्याचा नेहमीचा रेडिओ कार्यक्रम त्या रात्री तेथूनच झाला. मोठ्या क्रीडांगणांत पन्नास-पन्नास हजारांपुढे गाणारा माणूस एका गावाच्या बंद होत असलेल्या रेडिओसाठी आला, यात जाहिरातीचा भाग किती आणि कृतज्ञतेचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही एवढेच पाहतो, की गाण्याची चावी कोणाकडे आहे हे त्याला कळले होते. ती कंपनीच्या कपाटात नव्हती, रेडिओ केंद्रांच्या वरिष्ठांकडे नव्हती, आणि खुद्द त्याच्या खिशातही पुरती नव्हती.

तात्पर्य थोडक्यात सांगतो. यापुढे कोठेही एखादे गाणे, नाटक किंवा पुस्तक गप्प झाले असे कानावर आले, तर तीन प्रश्न विचारावे. कोणी थांबवले? कोणासाठी थांबवले? आणि पुन्हा सुरू करण्याची चावी कोणाकडे आहे? ज्याने घडवले त्याने, दुःखितासाठी, आणि चावी त्या दुःखिताच्या हाती ठेवून थांबवले असेल, तर टोपी काढून उभे राहावे. कुलूप दुसऱ्याच कोणी घातले असेल आणि चावीही त्याच्याच कमरेला असेल, तर मात्र फाटकापाशी जमावे आणि ते गाणे आपण म्हणावे. सूर चुकला तरी चालेल.